पायाळू तानबाजी

तानबाजी डंभारे पायांनी जन्मले. डोकं आधी यायचं ते पाय आधी आले, एवढाच त्यांचा गुन्हा. आमच्या बोरखेडीत अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि एकदा पायाळू म्हटलं की त्या माणसाचं डोकं कोणी विचारत नाही, पायच विचारतात. पायाळूला जमिनीतलं पाणी दिसतं, पुरलेलं धन दिसतं, आणि कोणाच्या कमरेत उसण भरली तर पायाळूने लाथ मारली की ती उतरते. मी या गावात एकतीस वर्षं मास्तरकी केली. पोरांना पाढे शिकवले, ग्रहण कसं लागतं ते कंदील आणि संत्रं घेऊन शिकवलं, पण एकाही माणसाच्या मनातून ती लाथ मला काढता आली नाही. माझी स्वतःची उसण एकदा तानबाजींच्या लाथेने उतरली होती, हे तरी कशाला लपवू.

बोरखेडीला यायचं तर हिंगणघाटहून एस.टी.ने फाट्यावर उतरायचं आणि अर्धा तास चालायचं. गाव काळ्या खडकाच्या टेकाडावर आहे. खाली नाला, नाल्यापलीकडे बौद्धांची वस्ती. होळी झाली की गावची एकुलती एक विहीर तळ दाखवायची, आणि मग बाया नाल्याच्या वाळूत झिरे उकरून वाटी-वाटीने घागर भरत बसायच्या. घागर भरेपर्यंत दुपार व्हायची. लग्न ठरवताना मुलीकडचे आधी विचारायचे, पाणी किती लांब आहे, आणि उत्तर ऐकून पुष्कळदा चहा पिऊन निघून जायचे.

तानबाजी बारा वर्षांचे असतानाची गोष्ट. त्यांचे वडील सोनबा यांनी आपल्या वावरात विहीर खोदायचं मनावर घेतलं. घरातच पायाळू पोरगा, मग पाणी शोधायला बाहेरचा कोणी कशाला? चैत्राच्या उन्हात पोराला दिवसभर उपाशी ठेवून, अनवाणी, हातात निंबाची डहाळी देऊन वावरभर फिरवलं. तिसऱ्या प्रहरी पोरगा एका जागी मटकन बसला. लोकांनी तिथेच खुंटी ठोकली. चाळीस वर्षांनी तानबाजींनी मला त्याचं कारण सांगितलं.

"गुरुजी, मले भूक लागलती. डोळ्यांपुढं अंधारी आली. म्हनून बसलो."

दोन उन्हाळे खोदकाम चाललं. मुरूम गेला, खाली काळा फत्तर लागला. तिसऱ्या उन्हाळ्यात पंचेचाळीस फुटांवर चार सुरुंग लावले, तीनच उडाले. चौथा का उडाला नाही ते पाहायला सोनबा उतरले आणि तो तेव्हा उडाला. विहीर कोरडी ती कोरडीच राहिली. आता गावाने त्या पोराला दोष दिला असता, तर ते चार दिवस रडून मोकळं झालं असतं. पण गाव म्हणालं, पोराला पाणी बरोबर दिसलं होतं, सोनबानेच कोंबडं कापलं नाही म्हणून पाणी सरकलं. पायाळू कधी चुकत नाही, चुकतात ते बाकीचे. बाप मेला तो असा स्वतःच्या चुकीने मेला, आणि पोराच्या डोक्यावरचा मान तसाच राहिला. तो मान ते जन्मभर उतरवू पाहत होते.

ते घरातून निघाले ते चौदाव्या वर्षी. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये आधी तेल घालायला, मग फिटरच्या हाताखाली. विसाव्या वर्षी जिनिंगच्या शेटच्या ओळखीने मुंबईहून बोटीत बसून युगांडाला गेले. तिथेही कापूस, तिथेही जिनिंग. बॉयलरला पाणी लागे, म्हणून मालकाने जमिनीत भोक पाडणारं यंत्र आणलं होतं. ते सारखं बिघडायचं आणि सारखं तानबाजी दुरुस्त करायचे. पुढे तेच मोडकं यंत्र विकत घेऊन ते केनियात नाकुरूला गेले आणि बोअर मारायचा धंदा सुरू केला. एका यंत्राची सहा झाली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर हसून म्हणायचे, पोरगं पायाळू निघालं तर त्याचं काय करू?

नाकुरूच्या खडकाने त्यांचं आयुष्य फिरवलं. तो खडक बोरखेडीसारखाच काळा निघाला. त्यांच्याकडे कामाला असलेल्या एका म्हाताऱ्या भूगर्भशास्त्रज्ञाने त्यांना समजावलं की हा सगळा एके काळी वितळून वाहत आलेला आणि थिजलेला दगड आहे. एकावर एक असे त्याचे थर असतात, भाकरीची चवड असते तसे. भाकरीत पाणी नसतं, दोन भाकरींच्या मध्ये असतं, आणि वर कोण उभं आहे याच्याशी त्या पाण्याला काही देणंघेणं नसतं. हे ऐकून आपण यंत्राच्या टपावर बसून लहान मुलासारखे रडलो, असं तानबाजींनी मला सांगितलं. त्या दिवसापासून भूगर्भवाल्याचा कागद हातात आल्याशिवाय त्यांच्या कंपनीने एकही बोअर मारली नाही.

१९७३ साली, पस्तीस वर्षांनी, ते गावी आले. पंचावन्न वर्षांचे, अंगाने काटक, पायात घोट्यापर्यंतचे बूट. मोठी बहीण रुख्माबाई गावातच दिलेली. ती विधवा, आणि तिला उशिरा झालेला एकुलता एक मुलगा ओमप्रकाश. तानबाजींनी बहिणीच्या अंगणात बूट काढून पाय धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याने त्याच जागी कंबरभर खड्डा खणलेला. तिसऱ्या दिवशी पाठीत उसण भरलेले तीन म्हातारे ओट्यावर पालथे पडून वाट पाहत होते. तानबाजींनी तिघांनाही, आणि त्यांच्यामागे रांगेत असलेल्या मलाही, हळूच पाय लावला, कारण म्हातारे कण्हत होते आणि नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. त्यानंतर मात्र गावात असेपर्यंत ते बूट काढेनासे झाले. घरात मोजे घालून बसायचे, मे महिन्यात, लोकरीचे.

त्यांनी काय करायचं ते ठरवूनच आणलं होतं. नागपूरच्या एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या विभागाला त्यांनी जीप दिली, जमिनीत वीज सोडून खालचा दगड ओळखायचं यंत्र दिलं आणि संशोधन करणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. अटी दोनच होत्या. अभ्यास बोरखेडीपासून सुरू करायचा, आणि त्यांचं नाव कुठे लावायचं नाही. मी म्हटलं, अहो, एवढ्यात तुम्हाला गावाला पाच बोअर मारून देता आल्या असत्या. ते म्हणाले, मारल्या असत्या गुरुजी, पण लोक म्हणाले असते तानबाच्या पायाचं पाणी, आणि माझ्या मागून पुन्हा एखादं पोरगं उपाशी फिरवलं असतं.

कॉलेजाने पाठवलं ते सुलोचना मेश्राम यांना. पुलगावच्या मिलमधल्या कामगाराची मुलगी, वय अठ्ठावीस, खांद्याला झोळी, हातात हातोडी. गावाने तिचं नाव दगडवाल्या बाई ठेवलं. चार वर्षं ती येत राहिली. नाल्याचा काठ, विहिरींच्या भिंती, खाणी, जिथे दगड उघडा पडला असेल तिथे ती हातोडी मारायची आणि कपची भिंगाखाली धरायची. एकदा तिने मला नाल्याच्या कडेच्या पांढुरक्या थरात दगड झालेली गोगलगाय दाखवली. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात इथे तळं होतं, गुरुजी, ती म्हणाली. मी ती गोगलगाय शाळेत नेली. वर्षभर पोरं घरून काही ना काही दगड आणत होती, आणि तेवढं वर्ष मला वाटलं होतं की आता हे गाव सुधारणार. मेश्राम आडनाव कळल्यापासून गावात बाईला चहा द्यायला कोणाकडे कप नसायचा. माझ्या घरी होता.

अठ्ठ्याहत्तरच्या शेवटी अहवाल झाला. बाईंनी त्याचा मराठी सारांश माझ्याकडून करून घेतला आणि मी तो चावडीसमोर वाचला, तानबाजी मुद्दाम त्यासाठी आले तेव्हा. टेकाडाखाली एकसंध फत्तर आहे, तिथे खोदू नये. रुख्माबाईंच्या वावरात वरचा वीस फूट मुरूम भुसभुशीत आहे, बाजू ढासळतील, आणि त्याखालीही फत्तरच आहे, तिथे तर मुळीच खोदू नये. पाणी आहे ते नाल्यापलीकडे, प्रेमदासच्या बांधाजवळ, दोन थरांच्या मध्ये, पस्तीस ते चाळीस फुटांवर.

सरपंच लक्ष्मणराव म्हणाले की कागद झकास आहे, पण पावसाळ्यात बायांनी नाला ओलांडायचा कसा? पावसाळ्यात पाणी दारात असतं, तेव्हा नाला ओलांडतो कोण? मी हे तोंडावर बोललो. सगळे माझ्याकडे पाहून हसले. अडचण नाल्याची नव्हती. प्रेमदास बौद्ध, नाल्यापलीकडची सगळी घरं त्यांची, आणि सवर्ण बायांनी त्यांच्या बांधावरून घागरी भरून आणायच्या हे कोणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण परदेशातून आलेल्या, गावासाठी एवढं करणाऱ्या माणसासमोर तसं बोलायची लाज वाटत होती, म्हणून शेवटी सगळ्यांनी माना डोलावल्या. कागदाप्रमाणेच खोदू, असं ठरलं.

फेब्रुवारीत जागा आखायचा दिवस आला. बाईंनी प्रेमदासच्या बांधाजवळ चुन्याची फुली काढली. सारं गाव बरोबर होतं. परत येताना वाट रुख्माबाईंच्या वावरातून जाते, आणि तिथे बाभळीचा काटा तानबाजींच्या बुटाच्या तळातून आरपार गेला. दोन पावलं ते तसेच लंगडले. मग ओमप्रकाशच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी बूट काढला, मोजा काढला, काटा उपटला आणि बूट झाडायला म्हणून तो उघडा पाय क्षणभर जमिनीवर टेकवला.

मागून येणारी चाळीस माणसं जागच्या जागी थांबली. मी त्यांच्या तोंडांकडे पाहिलं, सगळ्यांचे डोळे त्या पायावर होते. तानबाजींनीही पाहिलं असावं, कारण त्यांनी मोजा न घालताच घाईघाईने पाय बुटात कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी शेंदूर लावलेला धोंडा, फोडलेला नारळ आणि उदबत्ती. तानबाजी कधी चिडत नसत. त्या दिवशी त्यांनी तो धोंडा लाथेने उडवला. झालं! एक म्हातारी माझ्याशेजारी उभी होती, तिने हात जोडले आणि म्हणाली, आता पक्कं झालं, त्यानं पायानंच सांगितलं. तानबाजींनी चावडीत सगळ्यांना गोळा केलं.

"मी काटा काढाले थांबलो. मले तिथं काई दिसलं नाई. मले कुठंच काई दिसत नाई, लहानपनीबी दिसलं नाई."

लोक आदराने ऐकत होते. पायाळूने आपल्या तोंडाने कबूल केलं तर त्याचा गुण जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तानबाजी जितकं नाही म्हणाले तितकं ते होय ठरत गेलं. मला त्या माणसाची एवढी कीव कधी आली नव्हती. नाकुरूला परत जाताना त्यांनी ओमप्रकाशचा हात हातात घेऊन वचन घेतलं, आणि त्यानेही दिलं की मामाजी, कागदावर हाय तिथंच खोदू.

ओमप्रकाश वाईट पोरगा नव्हता. पण त्याच्या मागे त्याची आई होती. रुख्माबाईंच्या मनाने घेतलं होतं की बापाची विहीर कोरडी राहिली, ही लागली की बापाचा जीव वाया गेला नाही असं होईल. पुढची पावणेदोन वर्षं तिने दुसरं काही बोलणं काढलं नाही. लक्ष्मणरावांनाही ते सोयीचं होतं, नाला ओलांडायचा प्रश्नच मिटत होता. ऐंशीच्या दिवाळीनंतर शेंदराच्या धोंड्यावर कुदळ पडली. सुलोचनाबाई जीप घेऊन धावत आल्या. दिवसभर त्यांनी एकेकाला समजावलं, मुरमाचा ढेकूळ मुठीत चुरून दाखवला. लोकांनी त्यांना बसायला घोंगडी दिली, होय होय म्हटलं, आणि त्या गेल्यावर काम पुन्हा सुरू केलं.

आता माझी गोष्ट सांगतो. मी दर महिन्याला नाकुरूला पत्र टाकत असे. त्या महिन्याचं पत्र लिहायला बसलो तेव्हा ओमप्रकाश दारात आला.

"गुरुजी, मामाजीले इतक्यात लिहू नका. पाणी लागलं का मंग तारच करू."

त्याचे हात मुरमाने लाल झाले होते आणि तोंडावर अशी आशा होती की माझ्याने मोडवेना. शिवाय मीही मनाशी म्हटलं, कोण जाणे, लागलंही पाणी! इतकी वर्षं संत्रं फिरवून ग्रहण शिकवणारा मी. मी पत्रात लिहिलं, विहिरीचं काम सुरू झालं आहे. कुठे, ते लिहिलं नाही. बाईंना वाटलं असणार मी कळवलंच आहे, आणि मी ते त्यांना वाटू दिलं. नाकुरूहून उत्तर आलं ते आनंदाने उतू जात होतं. पाणी लागलं की पहिला तांब्या बाईंना द्या, तानबाजींनी लिहिलं होतं, आणि माझं नाव घेऊ नका. ते पत्र मी वहीत ठेवलं. पुढची तीन पत्रंही मी तशीच अर्धी लिहिली.

एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी, बत्तीस फुटांवर काम चालू असताना, बाईंनी लिहिलं होतं तोच वरचा मुरूम खाली आला. दोघे दोराला धरून वर आले. ओमप्रकाश खाली होता. त्याला काढायला संध्याकाळ झाली.

मी तार केली. नवव्या दिवशी तानबाजी फाट्यावर एस.टी.तून उतरले. हातात पिशवीसुद्धा नव्हती. त्यांनी मला एवढंच विचारलं, "कोनत्या विहिरीत?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चालायला लागले. वाटेत त्यांनी विचारलं असतं, गुरुजी, लिहिलं काऊन नाई, तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. त्यांनी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

रुख्माबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तानबाजी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मी दारात उभा होतो, म्हणून जे झालं ते मी पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "मी चुकलतो. बापाच्या येळीबी चुकलो, आताबी. तू एकदा म्हन. तानबा, तू चुकला, असं म्हन."

"तुहा काई दोष नाई," त्या म्हणाल्या. "तुह्या पायाले पाणी दिसलतं."

"नाई दिसलं, बाई. मले काटा रुतलता."

रुख्माबाई त्यांच्याजवळ सरकल्या. मग अगदी हळू बोलल्या.

"तू चुकला म्हनू? मंग माहा बाप काऊन मेला? माहा पोरगा काऊन मेला?"

सहा बोअर मशिनींचा मालक, ज्याच्या शिष्यवृत्तीवर तोवर चार पोरं भूगर्भशास्त्र शिकून बाहेर पडली होती, तो म्हाताऱ्या बहिणीच्या पायाशी बसून राहिला. शेवटी तिनेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला जेव म्हणाली.

पुढे उन्हाळाभर ते गावातच राहिले. त्याच उन्हाळ्यात प्रेमदास, त्याची बायको कमला आणि वस्तीतली माणसं चुन्याच्या फुलीवर खोदायला लागली. तानबाजी मदत करायला गेले तर प्रेमदास म्हणाला, पैसे नाई पाह्यजे जी, बाईचा कागद तेवढा पुन्हा एक डाव वाचून दाखवा. तानबाजींनी तो स्वतः वाचून दाखवला, बूट घालून, बांधापासून दहा हात लांब उभं राहून. सदतीस फुटांवर पाणी लागलं. कमलाने पहिला तांब्या सुलोचनाबाईंच्या हातात दिला. बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी तोंड पदराने पुसलं, खूप वेळ पुसत राहिल्या. तानबाजी त्या दिवशी हसले. त्या सबंध मुक्कामात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

ते हसू तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी चावडीवर लक्ष्मणराव म्हणाले की आखणीच्या दिवशी तानबाजी फुलीवरूनच तर चालत गेले होते, पाय आधी तिथेच लागला होता, काटा नंतर रुतला. सगळ्यांना एकदम आठवलं. होय की, आधी तिथेच! कोणी असंही म्हणालं की बूट होता पायात, म्हणून पाणी इकडे तिकडे दोन्हीकडे दिसलं आणि आपली चूक झाली. त्या मे महिन्यात गावच्या बाया घागरी घेऊन नाला ओलांडू लागल्या. पायाळूचं पाणी, त्याला कसला विटाळ! जातीपुढे कागद हरला होता आणि आता जात पायापुढे हरली. कमला कोणालाही नाही म्हणाली नाही. तिने फक्त एकदा मला विचारलं की गुरुजी, खोदलं आमी, सांगितलं मेश्रामबाईनं, मंग हे कोनाच्या पाया पडून राह्यले?

तानबाजी नाकुरूला परत गेले. शिष्यवृत्ती त्यांनी वाढवली, तिला ओमप्रकाशचं नाव देऊ द्यावं एवढी एकच विनंती केली. दर वर्षी एक मुलगा किंवा मुलगी हातोडी घेऊन विदर्भाच्या दगडांत हिंडायची. वर्धा खोऱ्यातल्या थरांचे नकाशे झाले, त्यांच्या प्रती ते मला पाठवायचे आणि मी त्या शाळेच्या कपाटात ठेवायचो.

पंच्याऐंशी साली त्यांचं शेवटचं पत्र आलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं: "गुरुजी, गावात शिकलेले तुमीच. माह्या मरनाआधी एकदा कोनीतरी लिहून पाठवा का मी चुकलो होतो. मले दुसरं काई नको."

ते उत्तर मी तीनदा लिहायला घेतलं. तानबाजी, तुम्ही चुकला होता, एवढं लिहायचो. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी ते चुकले नव्हते, चुकलो होतो मी. पुढचं वाक्य माझं यायचं, आणि तिथे पेन थांबायचं. तिसरा कागद अजून टेबलावर असतानाच नाकुरूहून त्यांच्या मॅनेजरची तार आली.

अस्थी एका ओळखीच्या शेटबरोबर आल्या, पत्र्याच्या डब्यात. रुख्माबाई तेव्हा बहात्तर-त्र्याहत्तरच्या असतील. वर्धेच्या पात्रात सोडू असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, डबा छातीशी धरला आणि वावराकडे चालू लागल्या. मी मागून गेलो. ओमप्रकाशच्या विहिरीवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या, त्या मीच बाजूला केल्या. त्यांनी सगळा डबा आत रिकामा केला, चिमूटभरही ठेवलं नाही. मग माझा हात धरला, कारण त्यांना वाकवत नव्हतं.

"गुरुजी, वाकून पाहा जी," त्या म्हणाल्या. "आता तं वल आली असन."

मी वाकून पाहिलं. खाली पडलेला मुरूम होता, कोरडा ठणठणीत, आणि त्याच्यावर राख.

"आल्यावानी वाटते, बाई," मी म्हणालो.